जेम्स वॉट

मुलांनो, मालवणच्या बंदरात इंजिनाची होडी तुम्ही पाहिली असेल. मोठ्या लाटेवर होडीचा मागचा भाग उचलला, की पंखा क्षणभर पाण्याबाहेर येतो. त्याला पाण्याचा अडथळा राहत नाही. मग इंजिन भरमसाट वेगाने फिरून मोडत कसे नाही?

त्यासाठी जेम्स वॉटची ओळख करून घेऊ. त्याचा जन्म १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात झाला. वडील जहाजे बांधत. वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करी. वाफेचे इंजिन त्यानेच शोधले असे पुष्कळ जण समजतात, पण न्यूकोमेनचे इंजिन आधीपासून होते. त्यात वाफ फार वाया जाई. १७६५ मध्ये वॉटला उपाय सुचला: वाफ वेगळ्या भांड्यात थंड करावी.

पुढे त्याची इंजिने गिरण्यांत आली. काम अचानक कमी झाले, की इंजिन उधळे. म्हणून १७८८ मध्ये वॉटने इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे फाकत आणि त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप थोडी मिटवी. वेग उतरला की झडप पुन्हा उघडे. ही युक्ती पीठगिरण्यांत आधीच होती. वॉटने तिचे पेटंट घेतले नाही. दांड्याचा सांधा गंजून अडकला, तर मात्र गोळे नुसतेच फिरणार!

वॉट १८१९ साली वारला. होडीच्या डिझेल इंजिनातही फिरती वजने असतात. ती वाफेऐवजी डिझेल कमी करतात. इंजिन बंद असताना तांडेलकाकांना तो दांडा दाखवायला सांगा. खाऱ्या हवेत ते त्याला तेल का देतात, हेही विचारा.