वेळच्या वेळी शिधा देणारा कारभारी : संत ग्रेगरी

आजचं वाचन : लूक १२:३५-४८



आजचा दाखला आपल्या ओळखीचा आहे. धनी बाहेर गेलाय, कधी परतेल सांगता येत नाही, आणि घर कारभाऱ्याच्या हाती आहे. वाचताना आपलं सगळं लक्ष धनी कधी येणार याकडे जातं. पण प्रभू येशूने त्या कारभाऱ्याचं काम अगदी साधं सांगितलंय. घरातल्या माणसांना वेळच्या वेळी त्यांचा शिधा द्यायचा. धनी येईल तेव्हा तो हे करताना सापडला, तर धन्य तो कारभारी.

हा दाखला अक्षरशः जगलेल्या एका माणसाची आज आठवण करूया. संत ग्रेगरी, रोमचे पोप. चर्च त्यांना महान ग्रेगरी म्हणतं आणि ३ सप्टेंबरला त्यांचा सण पाळतं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. ग्रेगरींची मनापासून खात्री होती की जगाचा अंत जवळ आलाय. आणि तरीही त्यांनी धान्याचे हिशेब तपासले, कैद्यांची खंडणी भरली, हजार मैलांवर मिशनरी पाठवले. ज्याला ते शेवट समजत होते, त्यातूनच मध्ययुगातला ख्रिस्ती युरोप उभा राहिला.

त्यांना तसं का वाटत होतं, हे त्यांच्या शहराकडे पाहिलं की कळतं.

ग्रेगरींचा जन्म इ.स. ५४० च्या सुमारास रोममध्ये झाला. पश्चिमेकडचा शेवटचा रोमन सम्राट ४७६ मध्येच गादीवरून खाली उतरवला गेला होता. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राट जस्टिनियनने इटली परत मिळवण्यासाठी फौजा पाठवल्या आणि ५३५ पासून जवळजवळ २० वर्षं गॉथ लोकांशी युद्ध चाललं. रोम कधी याच्या ताब्यात, कधी त्याच्या. वेढ्यात शहराला पाणी आणणारे कालवे तोडले गेले. त्यातच प्लेग आला. एके काळी लाखोंची वस्ती असलेलं ते शहर आता काही हजारांवर आलं. ५६८ मध्ये उत्तरेकडून लोम्बार्ड टोळ्या इटलीत उतरल्या आणि उरलंसुरलंही लुटायला लागल्या.

घर मात्र श्रीमंत होतं. वडील गॉर्डियानस मोठे जमीनदार, आई सिल्विया अत्यंत भाविक. तिलाही चर्च संत मानतं. पोप तिसरे फेलिक्स हे याच घराण्यातले पूर्वज. ग्रेगरी शिकले, सरकारी सेवेत गेले आणि ५७३ च्या सुमारास, तिशीतच, रोमचे प्रीफेक्ट झाले. म्हणजे शहराचा सर्वोच्च मुलकी अधिकारी. धान्यपुरवठा, कायदा-सुव्यवस्था, पैसा, सगळं त्यांच्याकडे.

आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर सेट होतं. पण वडिलांच्या निधनानंतर त्यांनी सगळं सोडलं. सिसिलीतल्या जमिनींवर सहा मठ स्थापन केले आणि रोममधल्या सीलियन टेकडीवरच्या राहत्या घराचा सातवा मठ केला, संत आंद्रियाच्या नावाने. तिथेच ते साधे मठवासी म्हणून राहू लागले. प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास. आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ तोच होता, असं ते पुढे अनेकदा आठवून सांगत.

तो काळ फार टिकला नाही. पोपने त्यांना डीकन केलं आणि ५७९ मध्ये आपला प्रतिनिधी म्हणून कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाच्या दरबारात पाठवलं. काम एकच, लोम्बार्डांविरुद्ध सैन्याची मदत मागायची. सहा-सात वर्षं ते तिथे होते. मदत जवळपास काहीच मिळाली नाही, कारण सम्राटाचं सैन्य इतर सरहद्दींवर गुंतलं होतं. मग सोबत आलेल्या मठबंधूंना एकत्र बसवून ते ईयोबाच्या पुस्तकावर प्रवचनं देऊ लागले. सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक त्यांनी निवडलं, यात नवल नाही. राजधानीतून एक गोष्ट मात्र ते पक्की शिकून आले. रोमला वाचवायला आता बाहेरून कुणीही येणार नाही.

५८९ च्या अखेरीस टायबर नदीला मोठा पूर आला आणि चर्चची धान्याची कोठारं वाहून गेली. पाठोपाठ प्लेग. फेब्रुवारी ५९० मध्ये पोप दुसरे पेलागियस त्यातच गेले. लोकांनी आणि धर्मगुरूंनी एकमताने ग्रेगरींना निवडलं. त्यांना हे पद नको होतं. आपली निवड मंजूर करू नका, असं पत्र त्यांनी सम्राटाला लिहिलं. ते वाटेतच अडवलं गेलं, असं त्या काळचा इतिहासकार, तूरचा बिशप ग्रेगरी सांगतो. मंजुरीची वाट पाहत असतानाच त्यांनी शहरातल्या सगळ्यांना सात गटांत जमवून पश्चात्तापाची मिरवणूक काढली. त्या मिरवणुकीत तासाभरात ८० माणसं चालता चालता कोसळून मेली, अशी नोंद आहे. प्रार्थना थांबली नाही. ३ सप्टेंबर ५९० ला ग्रेगरी पोप झाले. या आसनावर बसलेले ते पहिले मठवासी.

आता कारभाऱ्याच्या कामाला सुरुवात होते.

साम्राज्याच्या काळात रोमच्या जनतेला सरकारकडून धान्य मिळायचं. ती व्यवस्था कोसळली होती. चर्चकडे मात्र सिसिली, दक्षिण इटली, आफ्रिका, गॉल अशा ठिकाणी दान म्हणून आलेल्या जमिनी होत्या. ग्रेगरींनी त्या जमिनी म्हणजे गरिबांची मालमत्ता असं धरलं आणि प्रीफेक्ट असताना शिकलेलं सगळं कौशल्य पणाला लावलं. शहरातल्या गरजूंची नावनिशीवार यादी ठेवली जायची. दर महिन्याला धान्य, तेल, मासे, डाळी यांचं वाटप व्हायचं. रोममध्ये आश्रयाला आलेल्या ३००० व्रतस्थ स्त्रियांचा आकडाही त्यांच्या पत्रात सापडतो. सम्राटाच्या बहिणीने एकदा ३० पौंड सोनं पाठवलं, तेव्हा ग्रेगरींनी तिला हिशेब कळवला. अर्धं सोनं लोम्बार्डांनी पकडून नेलेल्या माणसांना सोडवण्यात खर्च झालं, आणि अर्ध्यातून या स्त्रियांना अंथरूण-पांघरूण घेतलं, कारण त्या वर्षी थंडी कडाक्याची होती.

त्यांची ८५० च्या आसपास पत्रं आज उपलब्ध आहेत. ती वाचताना संत डोळ्यांसमोर येतो तो झगमगत्या वलयात नाही, कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात. सिसिलीतल्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या पीटरला ते बारीकसारीक सूचना देतात. कुळांकडून धान्य घेताना वाढीव माप वापरू नकोस. लग्नाची पट्टी एका सोन्याच्या नाण्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. पीक बाजारात जायच्या आधी सारा भरावा लागतो म्हणून गरीब शेतकरी सावकाराकडे जातात, तेव्हा त्यांना चर्चच्या पैशातून उचल दे. याच पीटरला एकदा त्यांनी चिमटाही काढलाय. त्याने एक मरतुकडा घोडा आणि पाच चांगली गाढवं पाठवली होती. घोड्यावर बसावं तर तो मरतुकडा, गाढवांवर बसावं तर ती गाढवं, आता मी करू काय, अशा अर्थाचं ते पत्र आहे!

ज्यू लोकांना बळजबरीने बाप्तिस्मा देऊ नका, त्यांची सभास्थानं हिसकावू नका, हेही त्यांनी बिशपांना स्पष्ट लिहून कळवलं.

५९३ मध्ये लोम्बार्ड राजा अगिलुल्फ रोमच्या वेशीवर आला. ग्रेगरी तेव्हा यहेज्केलावर प्रवचनं देत होते. हात तोडलेली माणसं शहरात परतत होती. गळ्यात दोर बांधून कित्येकांना गुलाम म्हणून विकायला नेलं जात होतं. त्यांना प्रवचनं थांबवावी लागली. सम्राटाचा प्रतिनिधी राव्हेन्नाला बसून होता, मदतीला आला नाही. शेवटी ग्रेगरींनी स्वतः बोलणी केली, चर्चच्या तिजोरीतून खंडणी दिली आणि शहर वाचवलं. अगिलुल्फची राणी थिओडेलिंडा कॅथलिक होती. तिच्याशी त्यांनी पत्रव्यवहार ठेवला, आणि ६०३ मध्ये तिच्या मुलाचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला. ज्यांना ते शत्रू म्हणून ओळखत होते, त्यांच्याच घरात विश्वासाचं बी पडलं.

आणखी एक बी त्यांनी फार दूर पेरलं. ५९६ मध्ये आपल्याच मठातल्या ऑगस्टीनला त्यांनी इंग्लंडकडे धाडलं. गॉलमध्ये पोचेपर्यंत या मंडळींचा धीर सुटला आणि त्यांनी परत बोलवा म्हणून विनंती केली. ग्रेगरींनी परत बोलावलं नाही. धीर दिला, शिफारसपत्रं दिली. ५९७ मध्ये सुमारे ४० जणांचा हा गट केंटला पोचला. तिथला राजा एथेलबर्ट मूर्तिपूजक, पण राणी बर्था ख्रिस्ती. राजाचा बाप्तिस्मा झाला. ६०१ मध्ये ग्रेगरींनी दुसरी तुकडी पाठवली. ती निघाल्यावर त्यांनी पुन्हा विचार केला आणि मेलिटसला मागून पत्र धाडलं. मूर्ती काढा, पण लोकांची मंदिरं पाडू नका, पवित्र पाणी शिंपडून तिथेच उपासना सुरू करा. त्यांचे सणाचे दिवस आणि मेजवान्याही राहू द्या, फक्त आता त्या देवाच्या उपकारस्तुतीसाठी असोत. माणूस उंचावर पायरी पायरीने चढतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मित्रांनो, इथून पुढची साखळी बघा. याच इंग्लंडमधून ८ व्या शतकात बोनिफेस जर्मनीत सुवार्ता घेऊन गेले, आणि यॉर्कचे आल्क्विन शार्लमेनच्या दरबारात गुरू झाले. ग्रेगरींनी लिहिलेल्या संत बेनेडिक्टच्या चरित्रामुळे ते नाव सर्वदूर पोचलं, आणि त्यांच्या नियमावर चालणारे मठ शेती, शाळा, ग्रंथालयं आणि पाहुणचाराची केंद्रं झाले. मेंढपाळाने कसं असावं यावरचं ग्रेगरींचं पुस्तक राजा आल्फ्रेडने ३०० वर्षांनी इंग्रजीत आणलं. साम्राज्य गेलं होतं. त्याच्या जागी बिशप, मठ आणि बाप्तिस्मा घेतलेले राजे यांच्या आधाराने नवा समाज घडत गेला. यातलं फारच थोडं ग्रेगरींनी डोळ्यांनी पाहिलं.

त्यांच्या चरित्रात एक डागही आहे, आणि तो लपवायला नको. ६०२ मध्ये फोकास नावाच्या सेनाधिकाऱ्याने सम्राट मॉरिसला आणि त्याच्या मुलांना ठार करून गादी बळकावली. ग्रेगरींनी या फोकासला आनंदाचं, स्तुतीचं पत्र पाठवलं. रोमच्या सुरक्षेची काळजी असेल, मॉरिसशी जुने वाद असतील, पण ते पत्र आजही वाचवत नाही. आजच्या वाचनाच्या शेवटी प्रभू सांगतो की ज्याच्याकडे पुष्कळ सोपवलंय त्याच्याकडे पुष्कळ मागितलं जाईल. संतही या हिशेबातून सुटत नाहीत. त्यांनाही कृपेचीच गरज असते.

शेवटची काही वर्षं संधिवाताने त्यांना अंथरुणाला खिळवलं. सणाच्या दिवशी मिस्सेपुरतं उभं राहणंही जड जायचं. तरी झोपल्या झोपल्या पत्रं सांगणं चालूच होतं. १२ मार्च ६०४ ला ते प्रभूकडे गेले. देवाच्या सेवकांचा सेवक अशी सही ते करत. आजही पोपच्या बिरुदांत हे शब्द आहेत.

आपल्यापैकी अनेकांना बातम्या पाहिल्या की वाटतं, सगळं हाताबाहेर चाललंय. हवामान, युद्धं, नोकऱ्या. आणि मग दोनच मार्ग सुचतात. एक तर सगळं सोडून कुठेतरी शांत निघून जावं, नाहीतर दिवसभर फोनवर वाईट बातम्या वाचत राहावं. ग्रेगरींना पहिला मार्ग अगदी मनापासून हवा होता. तो मिळाला नाही. त्यांनी प्रार्थना सोडली नाही, पण तिला घेऊनच ते कोठारात गेले. त्यांना काळाचा अंदाज चुकला असेल. काम चुकलं नाही. धनी उद्या आला असता तरी ते यादी हातात घेतलेलेच सापडले असते.

आज पाच मिनिटं शांत बसून स्वतःला विचारूया, माझ्या हाती कुणाचा शिधा आहे? घरातल्या आजारी माणसाची औषधं असतील, टीममधल्या नव्या मुलीला द्यायचा वेळ असेल, कामवाल्या मावशींचा वेळेवर पगार असेल, संडे स्कूलमधल्या सात-आठ मुलांचा पाठ असेल. तो आज वेळेवर पोचू दे.

प्रार्थना : हे प्रभू, तू कधी येशील हे आम्हाला ठाऊक नाही. पण कोण भुकेलं आहे, हे आम्हाला दिसतं. आमच्या हाती दिलेलं आम्ही दाबून ठेवू नये. भीती वाटेल तेव्हा तुझ्या सेवकाप्रमाणे आम्हालाही कामाला लाव, आणि आम्ही चुकू तिथे तुझ्या दयेने सांभाळून घे. आमेन.