काचेतला ताण रंगांत दाखवणारे डेव्हिड ब्रूस्टर

पुलाच्या कमानीवर भार पडला की दगडाच्या आत ताण कुठे साठतो, हे डोळ्यांना दिसत नाही. ते पाहण्याची वाट सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी दाखवली.

ब्रूस्टर यांचा जन्म ११ डिसेंबर १७८१ रोजी स्कॉटलंडमधील जेडबरा गावी झाला. वडील तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. वयाच्या बाराव्या वर्षी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. शिक्षण धर्मोपदेशक होण्यासाठी होते आणि १८०४ मध्ये परवानाही मिळाला. पण लोकांसमोर बोलताना ते फार घाबरत. अखेर प्रवचने सोडून ते लेखन, संपादन आणि प्रकाशाच्या अभ्यासाकडे वळले.

काचेवर साधारण ५६ अंशांनी पडून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होतात. हा कोन पदार्थाच्या अपवर्तनांकावरून काढण्याचा नियम त्यांनी १८१५ मध्ये मांडला. त्याच सुमारास त्यांनी काचेचा तुकडा दाबून त्यातून ध्रुवित प्रकाश पाहिला. साध्या काचेत एरवी काहीच दिसत नाही, पण दाब पडताच रंग उमटले. दाबामुळे काच स्फटिकासारखी वागते. प्रकाश दोन भागांत विभागतो, दोन्हींचा वेग वेगळा असतो आणि बाहेर पडताना त्यांच्यातील फरक रंगांच्या रूपात दिसतो. ताण जितका जास्त, तितका हा फरक मोठा. म्हणून काचेच्या कमानीचे नमुने करून त्यांतील ताण अभ्यासावा, असे ब्रूस्टर यांनी सुचवले.

त्यांना लोकप्रियता मात्र मिळाली ती कॅलिडोस्कोपमुळे. १८१७ मध्ये त्याचे पेटंट घेऊनही नकला इतक्या झाल्या, की हाती फारसे काही लागले नाही. प्रकाश लहरींचा असतो हे मत युरोपभर रुजले, तरी ते त्यांनी मनापासून कधीच स्वीकारले नाही. गंमत म्हणजे त्यांच्याच रंगांचा नेमका अर्थ लावला तो लहरींच्या सिद्धांताने.

१० फेब्रुवारी १८६८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा नमुन्यांची कल्पना अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये अर्नेस्ट कोकर यांनी काचेऐवजी सेल्युलॉइडचे नमुने वापरले आणि ही पद्धत कारखान्यांच्या उपयोगाची झाली. दातेरी चाके, आकडे, भोके पाडलेल्या पट्ट्या यांत ताण कुठे एकवटतो, हे रंगीत पट्ट्यांवरून मोजता येऊ लागले. या गुणधर्माच्या एककाला आज 'ब्रूस्टर' हेच नाव आहे.