रमाबाई रानडे आणि आमची ताई

बाईंनी जानेवारीच्या भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तींची माहिती लिहून आणायला सांगितली. वर्गातल्या बहुतेक मुलींनी सावित्रीबाई आणि जिजाऊ घेतल्या. मुलांनी विवेकानंद आणि नेताजी घेतले. मी रमाबाई रानडे घेतल्या. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे त्यांचा जन्मदिवसही याच महिन्यात येतो आणि त्या आपल्या धुळ्याला राहून गेल्या आहेत. दुसरे कारण मी पुढे सांगेन.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतराव चव्हाण यांचाही जन्म त्याच गावचा. रमाबाईंचे लहानपणीचे नाव यमुना होते. तेव्हा मुलींना शाळेत घालत नसत. बाई शिकली तर तिचा नवरा मरतो असे लोकांना वाटायचे. आता हे ऐकून हसू येते, पण तेव्हा कोणी हसत नव्हते.

१८७३ साली त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. तेव्हा त्या फक्त ११ वर्षांच्या होत्या आणि रानडे ३१ वर्षांचे. मी आता १० वर्षांची आहे, म्हणून हे वाचून मला कसेतरीच झाले. रानड्यांची पहिली बायको वारली होती. त्यांना विधवेशी लग्न करायचे होते, कारण ते सुधारक होते. पण त्यांच्या वडिलांनी ऐकले नाही आणि हे लग्न लावून दिले. मला तर वाटते की एवढ्या मोठ्या माणसाने तेव्हा नाही म्हणायला पाहिजे होते. पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली. लग्न होऊन घरी आल्यावर लगेच त्यांनी रमाबाईंना लिहिता-वाचता येते का असे विचारले. येत नव्हते. मग त्यांनी स्वतःच पाटीवर अक्षरे काढून शिकवायला सुरुवात केली.

ते घर मोठे होते. घरात सासूबाई, नणंद आणि नात्यातल्या पुष्कळ बायका होत्या. त्यांना सुनेने शिकलेले मुळीच आवडत नव्हते. त्या टोमणे मारीत आणि अबोला धरीत. सगळे काम आटोपल्यावर रात्री रमाबाई वाचायला बसत. पुढे इंग्रजी शिकवायला एक ख्रिस्ती बाई घरी येऊ लागल्या, तर घरातल्या बायका विटाळ मानायच्या. धडा झाला की रमाबाईंना आंघोळ करावी लागे. मी आजीला हे वाचून दाखवले. आजी म्हणाली की तिला लहानपणी कोणी पाटीच दिली नाही, म्हणून आंघोळीचा प्रश्नच आला नाही.

आता धुळ्याची गोष्ट. आमचे गाव पारोळा तालुक्यात आहे, म्हणजे जिल्हा जळगाव, पण आम्हाला धुळे जवळ पडते. एस. टी. ने तासाभरात जाता येते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. सरकारला संशय आला की रानड्यांसारखी शिकलेली माणसे त्यांना आतून सामील असतील. म्हणून ऐन उन्हाळ्यात रानड्यांची बदली धुळ्याला करून टाकली. खानदेशचा उन्हाळा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नकोच. धुळ्याला त्यांच्या नावाने येणारी पत्रे सरकार आधी फोडून बघत असे. रमाबाई तेव्हा १७ वर्षांच्या होत्या. मी विचार केला, नवीन गाव, घरी येणारी पत्रे फोडलेली, किती भीती वाटली असेल! पुढे सरकारचा संशय फिटला आणि १८८१ साली रानड्यांची मुंबईला नेमणूक झाली. ह्या बदल्यांच्या धावपळीतही रमाबाईंचे शिकणे थांबले नाही.

पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे असे पुष्कळ जणांना वाटत होते. त्यासाठी रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांसमोर भरसभेत इंग्रजीतून वाचून दाखवले. घरी आल्यावर मात्र कौतुकाऐवजी बोलणी खावी लागली. १८८४ साली ते हायस्कूल निघाले. त्यालाच हुजूरपागा म्हणतात. ते आजही चालू आहे.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. त्यांना फार दुःख झाले. बरेच दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे १९१० साली त्यांनी रानड्यांबरोबरच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. ज्या मुलीला अक्षर येत नव्हते तिने पुस्तक लिहिले, हे मला फार आवडले.

आता खरे काम सांगते. १९०८ साली मुंबईत सेवासदन नावाची संस्था निघाली. रमाबाई तिच्या अध्यक्ष होत्या. मग २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. ते त्यांनी आपल्याच वाड्यात सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे मोठे मदतनीस होते. तिथे विधवा बायका, नवऱ्याने टाकलेल्या बायका आणि गरीब घरच्या मुली येत. ज्यांना काहीच येत नसे त्यांना आधी लिहायला-वाचायला शिकवीत. मग कोणी शिवणकाम शिके, कोणी शिक्षिका होई आणि कोणी नर्स होई.

नर्स होणे तेव्हा फार कठीण होते. शिकवणी कठीण म्हणून नाही, लोक कठीण म्हणून. चांगल्या घरची बाई परक्या माणसांची सेवा करणार, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावणार, रात्रभर दवाखान्यात राहणार, हे कोणाला पटायचे नाही. रमाबाई त्या बायकांच्या घरच्यांची समजूत घालीत. मुलींना पुण्याच्या ससून हॉस्पिटलात शिकायला पाठवीत. राहायला वसतिगृह काढले, म्हणजे घरच्यांना काळजी नको.

एक प्रसंग सांगतात. सेवासदनचा समारंभ होता. नर्सचे शिक्षण घेतलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला पुढे आली. तेव्हा विधवांचे केस कापत आणि त्यांना साधे लुगडे नेसायला लावत. तिला तसे पाहून सभेतले कॉलेजचे मुलगे हसू लागले, ओरडू लागले. रमाबाई एरवी शांत स्वभावाच्या. पण त्या दिवशी त्या उठल्या आणि भर सभेत त्या मुलांना असे काही बोलल्या की सगळे गप्प झाले. बाईंनी हे सांगितले तेव्हा आमच्या वर्गातली मुलेसुद्धा गप्प झाली.

बाईंनी आणखी एका नर्सची गोष्ट सांगितली. तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. ती इंग्लंडची होती. १८५४ साली ती लढाईवर जखमी सैनिकांची सेवा करायला गेली. तिने नुसती सेवा केली नाही. किती सैनिक मेले आणि कशाने मेले हे तिने मोजले. तेव्हा कळले की गोळी लागून मेले त्यापेक्षा घाणीने आणि रोगराईने जास्त मेले. ते आकडे तिने रंगीत गोलाचे चित्र काढून सरकारला दाखवले. १८६० साली तिने लंडनला नर्सची शाळा काढली. आपल्या देशातल्या खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल तिचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहारही होता. त्या सभेत रानडे काम करायचे. मला आधी वाटायचे की नर्स म्हणजे सुई टोचणारी. पण नर्सला मोजायलाही लागते.

हे मला पटले ते आमच्या काकूमुळे. आमची काकू गावची आशाताई आहे. ती घरोघर फिरते. कोणाला ताप आहे, कोणाचे बाळंतपण जवळ आले, कोणत्या बाळाचा डोस राहिला, हे सगळे रजिस्टरमध्ये लिहिते. रात्री तेच पुन्हा मोबाईलमध्ये भरते. तिला चष्मा लागतो आणि मोबाईलची अक्षरे बारीक असतात, म्हणून आमची ताई तिला मदत करते. ताई बारावी सायन्सला आहे.

गेल्या पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. काकूच्या रजिस्टरात सगळी नावे घरनंबराप्रमाणे होती, त्यामुळे काही समजत नव्हते. ताईने माझी चौकटीची वही घेतली. (न विचारता घेतली, पण असू दे.) तिने गावाच्या गल्ल्या काढल्या आणि ज्या घरात ताप त्या घरावर लाल पेनाने ठिपका दिला. नऊ ठिपके झाले. त्यातले सहा आमच्याच गल्लीच्या टोकाला होते. त्यातला एक ठिपका माझा होता. मला पाच दिवस ताप होता आणि अंग असे दुखायचे की चादर सुद्धा जड वाटायची.

काकूने ती वही उपकेंद्राच्या नर्सबाईंना दाखवली. त्या आल्या आणि त्या टोकाच्या सगळ्या घरांतले ड्रम बघितले. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून सगळे ड्रम भरून ठेवतात. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नर्सबाईंनी सगळ्यांना कोरडा दिवस पाळायला सांगितला, ड्रम ओतायला लावले आणि मोठ्या हौदात गप्पी मासे सोडले. त्यानंतर आमच्या टोकाला नवीन ठिपका पडला नाही. ती वही मी जपून ठेवली आहे.

ताई म्हणते की नऊ घरांचे काम वहीत झाले, पण सगळ्या जिल्ह्याचे करायचे तर संगणक पाहिजे. आधीच्या वर्षांचा ताप, पाऊस, पाणी यांचे आकडे संगणकाला दाखवत गेले की तो शिकतो. मग पुढे कोणत्या भागात साथ येईल याचा अंदाज सांगतो. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. छातीचा एक्स-रे पाहून क्षयाचा संशय सांगणारी यंत्रेही आता आपल्या देशात आली आहेत. पण संगणकाला शिकवणारे माणूस लागते आणि तो चुकला तर ओळखणारेही लागते. काकूने ताप लिहायचा विसरला, तर संगणकाला वाटणार की त्या घरी सगळे बरे आहेत. म्हणून ताई म्हणते की हे काम गावाकडच्या मुलींनी शिकले पाहिजे. कोणत्या घरात कोण खरे सांगत नाही, हे त्यांना माहीत असते.

तर हे माझे दुसरे कारण. ताईला बारावीनंतर जळगावला राहून हे आकड्यांचे आणि संगणकाचे शिक्षण घ्यायचे आहे. घरात रोज त्यावरून बोलणे चालते. आजी म्हणते की पोरीच्या जातीला एवढे दूर कशाला. बाबा नाही म्हणत नाहीत, पण हो पण म्हणत नाहीत. कपाशीला भाव मिळाला तर बघू म्हणतात. वसतिगृहात कोण असेल, एस. टी. ने येता-जाता अंधार पडला तर काय, असेही विचारतात. गल्लीतले एक-दोघे बाबांना म्हणाले की मोबाईलवर बसायला कॉलेज कशाला पाहिजे, आणि हसले. ताईने त्या दिवशी जेवण केले नाही.

रमाबाईंचे अजून थोडे राहिले आहे. त्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात. मुलींचे शिक्षण सक्तीचे व्हावे आणि बायकांना मत देता यावे म्हणूनही त्या झटल्या. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली त्यांच्या जन्माला १०० वर्षे झाली तेव्हा सरकारने त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट काढले. २०१२ साली टी. व्ही. वर त्यांची मालिका लागायची, तिचे नाव उंच माझा झोका. आईने ती सगळी बघितली आहे. पुण्याचे सेवासदन अजून आहे.

ही माहिती मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, छान झाली. आजी म्हणाली, त्या नर्स पोरींच्या घरच्यांना त्या बाईने कशी समजूत घातली ते परत वाच. मी परत वाचले. मग आजी काही बोलली नाही, कळण्याच्या भाकरी थापत बसली.

बाबांना अजून वाचून दाखवले नाही. ते २६ जानेवारीला झेंडावंदनाला शाळेत येतात आणि मुलांचे कागद वाचत उभे राहतात. म्हणून मी बाईंना सांगितले आहे की माझा कागद खाली लावू नका, मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर लावा.