परमवीर तारापोर : रणभूमीवरच विसावलेला सेनानी

कोल्हापूर आणि सातारा परिसराला लष्करी पदकांचे अप्रूप नवे नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांत पिढ्यान् पिढ्या तरुण सैन्यात जात आले आहेत आणि देवघराशेजारच्या भिंतीवर गणवेशातील छायाचित्र लावलेली घरे येथे शोधावी लागत नाहीत. कोल्हापूरचे सुपुत्र लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर डीएसओ हा ब्रिटिश सन्मान मिळविला होता. त्या काळी भारतीय सैनिकाचे शौर्य परक्या राजमुद्रेखाली गौरविले जात असे. स्वातंत्र्यानंतर ती मुद्रा बदलली. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांसाठी ते लागू करण्यात आले.

या सर्वोच्च युद्धपदकाची आखणी महाराष्ट्राच्या एका सुनेने केली, हे अनेकांना ठाऊक नसते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून भारतीय झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी या पदकाचे रेखाटन केले. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे कांस्याचे चक्र, मध्यभागी राष्ट्रमुद्रा, तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे आणि वर जांभळी फीत, असे त्याचे साधे रूप आहे. दधीची ऋषींनी देह ठेवून आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून देवांनी वज्र घडविले, ही पुराणकथा त्या रेखाटनामागे आहे. आजवर हे पदक केवळ २१ वीरांना मिळाले असून, त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर दिले गेले. या २१ जणांत रणगाडा दलाचे अधिकारी अवघे दोन. त्यांतील पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर.

तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज रतनजीबा हे शिवछत्रपतींच्या सेवेत होते, त्यांना शंभर गावे इनाम मिळाली आणि त्यांतील प्रमुख गाव तारापूर यावरून घराण्याचे आडनाव पडले, अशी कुटुंबात परंपरा होती. पुढे त्यांचे आजोबा हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेले. घरी आदी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलाला वयाच्या सातव्या वर्षी पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथूनच १९४० मध्ये ते मॅट्रिक झाले. पुण्याशी जुळलेले हे नाते पुढे वेगळ्याच वाटेने पुन्हा त्यांच्या आयुष्यात येणार होते.

शिक्षण संपताच त्यांनी लष्कराची वाट धरली. जानेवारी १९४२ मध्ये ते हैदराबाद संस्थानच्या सातव्या पायदळ पलटणीत सेकंड लेफ्टनंट झाले. मात्र पायदळात त्यांचे मन रमत नव्हते. त्यांना ओढ होती ती चिलखती दलाची. ती पूर्ण झाली एका अपघातामुळे. संस्थानी फौजांचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस पलटणीची पाहणी करीत असताना हातबॉम्ब फेकण्याचा सराव सुरू होता. एका नवख्या जवानाचा हात चुकला आणि पेटलेला बॉम्ब सहकाऱ्यांमध्येच पडला. तारापोर यांनी क्षणाचाही विलंब न लावता झेप घेतली व तो उचलून दूर भिरकावला. बॉम्ब हातातून सुटतो न सुटतो तोच फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. बरे झाल्यावर एद्रूस यांनी त्यांना बोलावून अभिनंदन केले, तेव्हा या तरुण अधिकाऱ्याने चिलखती दलात बदली द्यावी, एवढीच विनंती केली. ती मान्य झाली. हैदराबाद लान्सर्समध्ये त्यांची नेमणूक झाली आणि महायुद्धाच्या काळात त्यांनी पश्चिम आशियात सेवा बजावली.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी हैदराबादवर कारवाई केली. तिची सूत्रे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होती. संस्थान विलीन झाले आणि निजामाच्या फौजेत दाखल झालेल्या तारापोर यांच्यापुढे नवे पर्व उभे राहिले. १ एप्रिल १९५१ रोजी त्यांची बदली पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये झाली. १८१७ मध्ये उभे राहिलेले हे मूळचे घोडदळ आता रणगाड्यांवर लढत होते. पुण्यात शिकलेला मुलगा अशा रीतीने पुण्याचे नाव मिरविणाऱ्या पलटणीत आला आणि पुढे तिचा प्रमुख झाला. ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियन रणगाड्याचे प्रशिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले होते. रणगाड्यांच्या युद्धात यंत्राची ताकद जितकी महत्त्वाची, तितकीच आतील चार माणसांची एकजूट. म्हणून आपल्या जवानांना यंत्राची नीट ओळख करून देण्यावर त्यांचा भर असे.

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये या तयारीची कसोटी लागली. जम्मूच्या छांब भागात पाकिस्तानने चढाई केल्यानंतर भारताने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोर व सियालकोटच्या दिशेने आघाड्या उघडल्या. त्या वेळी लष्करप्रमुख होते हैदराबाद कारवाईचे सेनानी जनरल चौधरी. सियालकोट आघाडीवर पहिली चिलखती डिव्हिजन उतरली. तिच्यात पूना हॉर्स होती आणि समोर होते अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे.

११ सप्टेंबर रोजी फिल्लोरा जिंकण्यासाठी मुख्य मुसंडी मारण्याचे काम पूना हॉर्सकडे आले. फिल्लोरा आणि चविंडा यांच्यामधून मागच्या बाजूने अचानक हल्ला चढविण्याची योजना होती. रेजिमेंट पुढे सरकत असतानाच वझीरवालीच्या दिशेने शत्रूच्या रणगाड्यांनी जोरदार धडक दिली. आघाडीवर असलेल्या तारापोर यांनी जागा सोडली नाही. धडक थोपवून धरत, पायदळाच्या एका बटालियनच्या साथीने, त्यांनी एका स्क्वाड्रनसह फिल्लोऱ्यावर हल्ला केला. या धुमश्चक्रीत ते जखमी झाले. उपचारासाठी मागे जाण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला.

त्या नकारानंतरचे पाच दिवस हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. सेनाप्रमुखाने जखमी होऊन मागे जाण्यात कोणतीही अप्रतिष्ठा नव्हती. नियमही तेच सांगत होते. तरीही १४ सप्टेंबरला त्याच अवस्थेत त्यांनी वझीरवाली काबीज केली. १६ सप्टेंबरला जसोरान आणि बुतुर डोगरांडी ही ठाणी घेतली. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले; पण पायदळाला चविंड्यावर मागून चाल करता यावी म्हणून ही दोन्ही ठिकाणे त्यांनी धरून ठेवली. अधिकृत गौरवपत्रानुसार पूना हॉर्सने या लढायांत शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे नऊ गमावले. त्याच १६ सप्टेंबरला तारापोर यांना वीरमरण आले. त्यांचे वय ४२ वर्षांचे होते. बुतुर डोगरांडीच्या याच लढाईत आठव्या गढवाल रायफल्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल झिराड हेही धारातीर्थी पडले. पारशी तारापोर आणि बेने इस्रायली झिराड यांच्या हाताखाली लढणारे बहुसंख्य जवान वेगळ्या धर्माचे, वेगळ्या प्रांतांचे होते.

मृत्यूची शक्यता तारापोर यांनी गृहीत धरली होती. लढाईच्या त्या दिवसांत एका सहकारी अधिकाऱ्याजवळ त्यांनी आपली अखेरची इच्छा सांगून ठेवली होती. प्रार्थनेचे पुस्तक आईला, गळ्यातील सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि फाउंटन पेन मुलाला पोहोचते करावे, एवढीच ती वाटणी होती. स्वतःविषयीची इच्छा त्याहून वेगळी होती. आपल्या देहावर रणभूमीवरच अग्निसंस्कार व्हावेत, असे त्यांनी सांगितले होते. पारशी परंपरेत देह दोखम्यात ठेवला जातो. तारापोर यांनी मात्र आपल्या जवानांसारखाच निरोप निवडला. त्यांची ही इच्छा पाळण्यात आली.

चविंडा अखेरपर्यंत पाकिस्तानच्याच हाती राहिले. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला आणि १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्ये आपापल्या मूळ जागी परतली. ज्या गावांसाठी पूना हॉर्सने रक्त सांडले, ती पुन्हा सीमेपलीकडे गेली. नकाशावर त्या लढाईची खूण उरली नाही. मात्र शत्रूच्या चिलखती दलाला बसलेला तडाखा आणि मागे न हटलेल्या सेनानीचा आदर्श या दोन गोष्टी कोणत्याही कराराने परत करता येण्याजोग्या नव्हत्या.

तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. १९६५ च्या युद्धात हा सन्मान त्यांच्याखेरीज फक्त हवालदार अब्दुल हमीद यांना मिळाला. परमवीर चक्राच्या मानकऱ्यांत पदाने सर्वांत ज्येष्ठ अधिकारी आजही तारापोर हेच आहेत. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळता रणगाडा सोडण्यास नकार देत बसंतरच्या लढाईत शहीद झाले. तेही पूना हॉर्सचेच. आपल्या माजी प्रमुखाचा वारसा त्या एकवीस वर्षांच्या तरुणाने तंतोतंत पुढे नेला. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, तेव्हा त्यांपैकी एका बेटाला तारापोर यांचे नाव मिळाले.

जुन्या युद्धपदकांचा संग्रह करणाऱ्यांचे जग मोठे आहे. इंग्लंडमध्ये नामांकित पदकांचे लिलाव होतात आणि त्यांना मोठी किंमत येते. परमवीर चक्रातील कांस्याचे मोल मात्र बाजारभावाने काढले तर ते नगण्यच भरेल. तारापोर यांनी वाटून दिलेल्या चार वस्तूंत या पदकाचा समावेश नव्हता. ते त्यांनी पाहिलेही नाही. आई, पत्नी आणि मुले यांच्यासाठी जे द्यायचे, ते त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. उरलेले सारे त्यांनी आपल्या रेजिमेंटला देऊन टाकले होते.