डॉ. भाऊ दाजी लाड : रुग्णाचे काय झाकायचे, काय उघड करायचे?

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. इथल्या वाकाटक राजांची वंशावळ अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात आहे. हा लेख वाचून प्रसिद्ध करणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पण त्यांचा पेशा डॉक्टरकीचा. रुग्णाविषयीचे काय गुप्त ठेवायचे आणि काय उघड करायचे, हा प्रश्न त्यांच्यासमोर दोनदा आला.

भाऊ दाजींचा जन्म १८२२ मध्ये गोव्यातील मांद्रे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. धाकटे भाऊ नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांना मोफत औषधोपचार दिले.

१८६२ मध्ये मुंबईत 'महाराज लायबल केस' गाजली. वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लिहिल्याबद्दल पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. भाऊ दाजींनी कोर्टात महाराजांच्या गुप्तरोगाविषयी साक्ष दिली. रुग्णाचे गुपित म्हणून साक्षीत उत्तर नाकारण्याची मुभा तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात डॉक्टरला नव्हती. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

दुसरा प्रसंग उलटा होता. भाऊ दाजी कुष्ठरोगावर वनस्पतीचे औषध देत आणि त्याची मोठी चर्चा होती. मात्र त्याची कृती त्यांनी जाहीर केली नाही, म्हणून टीका झाली. औषध गुप्त असेल तर इतर डॉक्टर त्याची पारख कशी करणार? १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले.

या दोन प्रसंगांतून एक फरक लक्षात येतो. आजार ही रुग्णाची खासगी बाब आहे. उपचाराची पद्धत आणि संस्थेचा कारभार लोकांपासून लपवण्याची गोष्ट नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाचे गुपित डॉक्टरने जपावे असे आहे. न्यायाधीशांचा आदेश, इतरांना गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार हे त्याला अपवाद. रुग्णाने स्वतःची कागदपत्रे मागितली, तर ती ७२ तासांत द्यावी लागतात.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यातही हीच कसोटी लावता येते. औषधसाठा, खर्च आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीतले निर्णय माहिती अधिकारात मागता येतात. शेजाऱ्याच्या केसपेपरवर मात्र आपला हक्क नाही. बैठकीच्या इतिवृत्तात एखाद्या रुग्णाचा उल्लेख असेल, तर त्याचे नाव झाकून बाकीचे देता येते.