विश्लेषण : मल्लखांबाला एरंडेल का चोळतात? बाळंभटदादा देवधर यांनी घडवलेला लाकडी जोडीदार

नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंग गडावर माकडांची कमतरता नाही. याच गडावरच्या माकडांच्या झाडांवरील कसरती पाहून एका तरुण पहिलवानाला मल्लखांबाची कल्पना सुचली, असे व्यायामशाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तो पहिलवान म्हणजे बाळंभटदादा देवधर, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे मल्लगुरू. माकडांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. खांबाला रोज लागणाऱ्या तेलपाण्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बाळंभटदादा कोण होते?

त्यांचा काळ साधारण १७८० ते १८५२ असा सांगतात. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी असलेले कोठुरे हे त्यांचे गाव मानले जाते. दुसरे बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले. त्यानंतर हैदराबादच्या निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिले, अशी आख्यायिका आहे. कोणीही पुढे येईना, तेव्हा ऐन तारुण्यातल्या बाळंभटांनी आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी थोडे दिवस मागून घेतले. ते वणीच्या सप्तशृंगी देवीकडे गेले, तिथे उपासना केली आणि लाकडी खांबावर सराव करण्याची प्रेरणा घेऊन परतले. कुस्तीत गुलाब हरला आणि अलीने माघार घेतली, असा या कथेचा शेवट आहे.

यातला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट पटण्यासारखी आहे. तोडीस तोड जोडीदार नसलेल्या मल्लाने पकडी आणि सुटका यांचा सराव कोणाबरोबर करायचा? खांब थकत नाही, चिडत नाही आणि शंभरदा तोच डाव टाकला तरी तक्रार करत नाही.

मग मल्लखांबाचा शोध त्यांचाच का?

नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. त्यामुळे बाळंभटदादांना जनक म्हणण्यापेक्षा पुनरुज्जीवक म्हणणे योग्य. विस्मरणात गेलेल्या साधनाला त्यांनी शिस्त दिली आणि शिष्य मिळवून दिले.

पेशवाई गेल्यावर काय झाले?

१८१८ मध्ये बाजीरावांनी इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. त्यांची रवानगी कानपूरजवळच्या बिठूरला झाली आणि मल्लखांबही गंगेकाठी पोहोचला. नानासाहेब, तात्या टोपे आणि पुढे झाशीची राणी झालेली मनकर्णिका हे सगळे बिठूरला मल्लखांब शिकले, अशी परंपरा सांगते. बाळंभटदादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी ही विद्या काशीत रुजवली. राज्य गेले, पण विद्या वाचली ती अशा स्थलांतरामुळेच. बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी बाळंभटदादा गेले, असे मानले जाते.

खांब कसा असतो?

पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर तो साधारण साडेआठ फूट दिसतो आणि खालून वर निमुळता होत जातो. त्याचे अंग, मान आणि बोंड असे तीन भाग मानतात. ही नावे माणसाच्या शरीरावरून आली आहेत, कारण खांब हा मुळात प्रतिस्पर्धीच. मानेला अढी घालायची ती समोरच्या मल्लाच्या मानेला घालावी तशी.

एरंडेल कशासाठी?

मल्लखांबपटूला एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. अढी पक्की बसली पाहिजे आणि उतरतीत अंग सहज सरकलेही पाहिजे. कोरड्या लाकडावरून मांडी घसरली की घर्षणाने कातडी भाजल्यासारखी सोलवटते. एरंडेल दाट असते, चटकन ओघळून जात नाही आणि लाकडावर त्याचा पातळ थर टिकतो. पकडीसाठी हातापायांना राळेची पूड लावतात. तेल जास्त झाले तर पकड सुटते आणि राळ जास्त झाली तर सरकणे अडते. प्रमाण हाताच्या सवयीनेच कळते.

बर्फावरच्या खेळातही हीच कसरत असते. नॉर्वेत लांब पल्ल्याचे स्कीइंग करणारे पारंपरिक शैलीत स्कीच्या टोकांना घसरण देणारे मेण लावतात, तर पायाखालच्या भागाला पकड देणारे चिकट मेण. तिथे घसरण आणि पकड एकाच पट्टीवर सांभाळावी लागते. इथे तेल खांबावर असते आणि राळ अंगावर.

निगा राखली नाही तर?

तेल, राळ, घाम आणि धूळ यांचे मिळून खांबावर किटण जमते. ते फडक्याने पुसून काढले नाही तर नवे तेल लाकडापर्यंत पोहोचतच नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून भेगा पडतात. भेगेच्या कडेला उभी राहिलेली एखादी फास वेगाने उतरणाऱ्या मुलाच्या मांडीत शिरू शकते. म्हणून जाणते वस्ताद सरावाआधी खांबावरून तळहात फिरवून पाहतात. पावसाळ्यात धोका वेगळा. जमिनीलगत ओल धरते, तिथे लाकूड कुजते किंवा वाळवी लागते आणि वरून धडधाकट दिसणारा खांब मुळाशी हलू लागतो. धक्का देऊन तो हलतो का, हे पाहणे त्यामुळे तेलाइतकेच महत्त्वाचे.

खडबडीत खांब गुळगुळीत करायला घासकाम करावे लागते, पण तेही बेताने. स्पर्धेच्या खांबाचा तळाचा घेर साधारण ५३ ते ५५ सेंटीमीटर लागतो. दरवर्षी रंधा मारला तर घेर कमी होत जातो आणि एक दिवस तो खांब फक्त सरावापुरता उरतो.