देहूच्या घरातला दुष्काळ



आजच्या वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक आला. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ती सोसायला शीक, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. वाचायला सोपं आहे. पण घरातलं माणूस गेल्यावर कुणी हा श्लोक ऐकवला तर राग येतो, हेही खरंच. म्हणून आज अर्थ सांगत बसत नाही, देहूच्या एका घराची हकिकत सांगते.

घर खाऊन-पिऊन सुखी. इंद्रायणीकाठी वाडा, शेती, दुकान, सावकारी आणि गावच्या पेठेची महाजनकी. दारातच पूर्वज विश्वंभरबाबांच्या काळापासूनचं विठ्ठलाचं देऊळ. बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुलगे: सावजी, तुकोबा, कान्होबा. थोरल्या सावजीचं मन संसारात नव्हतं, म्हणून दुकान आणि वसुली कोवळ्या वयातच तुकोबांकडे आली. त्यांची पहिली बायको रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून दुसरं लग्न झालं ते पुण्याच्या गुळव्यांच्या जिजाबाईशी. आवली म्हणून आपण ओळखतो ती हीच.

मग एकामागून एक माणसं जायला लागली. आईवडील गेले. सावजीची बायको गेली आणि सावजी जे तीर्थयात्रेला निघाले ते परत संसारात आलेच नाहीत. तुकोबा तेव्हा विशीच्या आतबाहेरचे. त्यात 1630 च्या सुमाराला पाऊस गेला. तो दुष्काळ एका गावाचा नव्हता, सगळं दख्खन आणि गुजरात त्यात होरपळलं. गुरं मेली, गावं उठली. लढाया वेगळ्याच. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं तेही याच दिवसांत, म्हणजे आवलीचं माहेरही उरलं नाही असंच म्हणायचं.

दुकानाचं दिवाळं निघालं. एके काळी दुसऱ्यांना धान्य उधार देणाऱ्या या घरात रखमाबाई अन्नावाचून गेली. तिचा संतूही गेला. तुकोबांनी पुढे अभंगात हे लपवलं नाही. लोकांत तोंड दाखवायची लाज वाटली, तेही सांगून टाकलं. मला तुकोबांची ही बाजू फार जवळची वाटते. एवढा मोठा संत, पण ‘मला काही वाटलं नाही’ असं ते कुठे म्हणत नाहीत.

ते डोंगरावर गेले. भामचंद्रावर, पुढे भंडाऱ्यावर. कान्होबा भावाला शोधत फिरले. खाली आल्यावर तुकोबांनी पडझड झालेलं देऊळ दुरुस्त करायला घेतलं आणि एकादशीला कीर्तन सुरू केलं. आणि मग ती कर्जखतं. देणेकरी तरी कोण होते? त्याच दुष्काळातून कशीबशी वाचलेली माणसं. परंपरा सांगते की कान्होबांच्या संसाराचा विचार करून अर्धी खतं त्यांच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, हे मला त्या कथेतलं सगळ्यात खरं वाटतं.

आता आवलीकडे येऊ. कीर्तनात तिच्या तोंडाळपणावर हमखास हशा मिळतो. मला ते कधीच आवडलं नाही. बुडवलेल्या खतांबरोबर तिच्या पोरांची भाकरीही बुडाली होती, हे कुणी लक्षात घेतं का? महिपतींच्या चरित्रात एक गोष्ट आहे. तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला मिठाच्या व्यापाराला भांडवल दिलं. नफा झाला आणि येताना वाटेत भेटलेल्या एका नडलेल्या माणसाला तुकोबांनी तो देऊन टाकला. आवली चिडली नसती तरच नवल! ती विठोबालाही ‘काळ्या’ म्हणून बोल लावायची. पण बोल लावायला तरी समोर कुणीतरी आहे असं मानावं लागतं ना? आणि तीच आवली भाकरी घेऊन भंडाऱ्याचा चढ चढायची, नवरा उपाशी राहू नये म्हणून. एकदा पायात काटा रुतला तो पांडुरंगाने काढला, अशी कथा आहे. हा मान कथाकारांनी तुकोबांना दिला नाही, तिला दिला.

1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले, तेव्हा आवली गरोदर होती. पदरात लहानमोठी मुलं, घरात कान्होबांचाच काय तो आधार. पाठीमागे मुलगा झाला, नारायण. बापाचं तोंडही न पाहिलेल्या या पोराला तिने वाढवलं. त्याच नारायणबाबांनी 1685 मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली.

राम कृष्ण हरी.